लाँगथॉर्प टॉवर, पीटरबरो: भिंतीवरची जुनी चित्रं बघायला मुद्दाम जावं का?

दांडियाबाजारवाली

नमस्कार मंडळी, जूनमध्ये लेकीकडे इंग्लंडला जातोय. ती पीटरबरोला असते, लंडनहून उत्तरेला ट्रेनने तासाभराच्या आत. ह्यांनी लंडनची यादी करून ठेवलीच आहे, बकिंगहॅम राजवाडा, ते मोठं घड्याळ, नदीतली बोट वगैरे वगैरे. पण लेक म्हणते आई तुला जुनी चित्रं आवडतात तर तुला आमच्या गावात एक टॉवर दाखवते, लाँगथॉर्प टॉवर, सातशे वर्षांपूर्वीचं दगडी घर आहे आणि आत खोलीभर भिंतीवर चित्रं काढलेली आहेत. मी फोटो बघितले तर खरं सांगू का, मला काहीच कळलं नाही, पुसट लालसर-पिवळसर रेघा, कुठे डोकं आहे तर पाय नाहीत, कुठे पाय आहेत तर डोकं गायब. ह्यांनी फोटो बघून लगेच निकाल दिला की एका खोलीसाठी अख्खा शनिवार कशाला घालवायचा, त्यापेक्षा मॉलला जाऊ.

तर कुणी गेलंय का तिथे? खरंच बघण्यासारखं आहे की नुसतं जुनं म्हणून कौतुक? आत गेल्यावर नक्की काय बघायचं ते कुणी सांगितलं तर बरं, नाहीतर आपण आपले मान वर करून "वा वा" म्हणायचं आणि बाहेर यायचं असं होतं. आणि माझे गुडघे फार चांगले नाहीत, जिना किती आहे? अजून एक, दर वेळी उघडं नसतं असं लेक म्हणाली, ते कसं असतं?

---

मांडवीचा_पोरगा

ताई, बिनधास्त जा. मी मूळचा बडोद्याचाच, हल्ली केंब्रिजकडे असतो, पीटरबरो आम्हाला जवळ पडतं. काकांना म्हणावं मॉल सगळीकडे सारखाच, हे दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. चौदाव्या शतकातलं चर्च रंगवलेलं इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी सापडेल, पण माणसं राहायची ती खोली एवढी भरून रंगवलेली आणि आजपर्यंत टिकलेली, असं उदाहरण उत्तर युरोपात फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे.

आधी कामाचं सांगतो. गावाच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण तीन किलोमीटरवर लाँगथॉर्प म्हणून आधी वेगळं खेडं होतं ते आता शहरातच आलंय, तिथे आहे. रोज उघडं नसतं, उन्हाळ्याच्या सीझनमध्ये आणि तेही ठराविक दिवशीच, बहुतेक शनिवार-रविवार, म्हणून आधी वेबसाइटवर तारीख बघून मगच प्लॅन करा, नाहीतर कुलूप बघून परत याल. चित्रांची खोली पहिल्या मजल्यावर आहे, म्हणजे चढावं लागतंच, लिफ्टबिफ्ट काही नाही. पण किल्ला चढल्यासारखं नाहीये, एक मजला हळूहळू चढायचा, गुडघ्यांना तेवढं जमेल. त्याच्या वर अजून एक मजला आहे, तो नाही बघितला तरी चालेल, चित्रांचा सगळा ऐवज मधल्या खोलीतच आहे.

आता आत काय. खोली चौकोनी, भिंती जाडजूड, खिडक्या भिंतीच्या जाडीत आत गेलेल्या त्यामुळे उजेड तिरका येतो. वर दगडी घुमटी छत. आत शिरल्यावर पहिल्यांदा खरंच काही दिसत नाही, ताईंचं बरोबर आहे. पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. मग एकेक बाहेर यायला लागतं. छतात ख्रिस्ती शुभवर्तमानकारांची, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांची, चार चिन्हं, माणूस सिंह बैल गरुड, आणि वाद्य वाजवणारी मंडळी. एका भिंतीवर येशूचा जन्म आणि त्याच्यावर कमानीसारखं माणसाचं आयुष्य, पाळण्यातल्या बाळापासून कुबड्यांवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सात टप्पे. बारा महिन्यांची कामं आहेत, त्यातले काही महिनेच उरलेत. तीन जिवंत राजे आणि तीन मेलेले राजे समोरासमोर येतात ती गोष्ट आहे, मेलेले सांगतात आम्ही तुमच्यासारखेच होतो, तुम्ही आमच्यासारखे होणार. हे सगळं झोपायच्या-बसायच्या खोलीत, विचार करा.

आणि शेकोटीच्या वर एक मोठं चक्र आहे, ते अजिबात चुकवू नका. चक्राच्या मागे एक राजा उभा, एका हाताने आरा धरलेला, आणि कडेवर पाच प्राणी बसलेत: माकड, गिधाड, जाळ्यातला कोळी, रानडुक्कर आणि कोंबडा. काय ते ओळखा बघू, उत्तर उद्या देतो.

---

सेवउसळ_फुल_तिखट

माकड गिधाड डुक्कर... सोसायटीची कमिटी मीटिंग 😂

---

दांडियाबाजारवाली

@सेवउसळ हसून हसून चहा सांडला. @मांडवीचा_पोरगा अरे उद्या कशाला, आत्ताच सांग ना.

---

वाडीचे_आप्पा

मी सांगतो. पंचेंद्रियं आहेत ती. माकड खातं म्हणून जीभ, गिधाडाला लांबून वास येतो म्हणून नाक, कोळ्याला जाळं जरा हललं की कळतं म्हणून स्पर्श, रानडुकराचे कान तिखट, आणि कोंबड्याला पहाट सगळ्यांच्या आधी दिसते म्हणून डोळा. बरोबर का रे पोरा?

मी तो टॉवर बघितलेला नाही, बघण्याची शक्यताही नाही, पण हे ओळखायला इंग्लंडला जावं लागत नाही. आपल्याकडे कीर्तनात हे लहानपणापासून ऐकलंय की. हरिण आवाजाला भुलून मरतं, हत्ती स्पर्शाला, पतंग दिव्याच्या रूपाला, भुंगा वासाला आणि मासा चवीला. पाच जनावरं, एकेक इंद्रिय, एकेकाने एकेकाचा घात केला, मग ज्या माणसाला पाचही आहेत त्याचं काय होईल असं बुवा विचारायचे आणि सभामंडपात सगळे खाली बघायचे. आमच्याकडची जनावरं इंद्रियापायी मरतात, त्यांची जनावरं त्या इंद्रियात पटाईत आहेत, एवढाच फरक. आणि मागचा राजा म्हणजे बुद्धी असणार, जी चाक धरून ठेवते. कठोपनिषदातला रथ आठवा, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. तिकडे रथाऐवजी चाक एवढंच.

एकमेकांचं वाचून लिहिलं असं मी म्हणत नाही हां, कुणी लगेच "सगळं आपल्याकडूनच गेलं" सुरू करू नका. माणसाला पाच इंद्रियांनी सगळीकडे सारखंच छळलंय, त्यामुळे चित्रं सारखी निघतात.

---

मांडवीचा_पोरगा

आप्पा, शंभर टक्के. राजा म्हणजे विवेक किंवा पाचही इंद्रियांना एकत्र आणणारी शक्ती, असा अर्थ अभ्यासक लावतात.

---

चुना_आणि_काव

मी इथे बडोद्यात फाइन आर्ट्सला शिकतेय, भित्तिचित्रांच्या जतनात रस आहे, म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

ताई, फोटोत जे पुसट दिसतंय त्याची कारणं समजली तर तिथे उभं राहून बघायला मजा येईल. पहिलं म्हणजे रंग. मुख्यतः तांबडी आणि पिवळी काव, म्हणजे आपल्याकडे देवळाला, तुळशी वृंदावनाला लावतात तीच जातकुळी, काळ्यासाठी काजळी किंवा कोळसा, पांढऱ्याला चुना. हे मातीचे रंग उन्हाने उडत नाहीत म्हणून तेच जास्त टिकून राहतात आणि आपल्याला वाटतं चित्रच लाल-पिवळं होतं. महागडे, झाडपाल्यापासूनचे किंवा तांब्यापासूनचे रंग असले तर ते आधी काळे पडतात नाहीतर गळून जातात. त्यामुळे आज जे दिसतं तो मूळ चित्राचा सांगाडा समजा.

दुसरं, इंग्लंडात त्या काळी बहुतेक काम कोरड्या चुन्यावर व्हायचं. इटलीत ओल्या गिलाव्यावर रंग लावायचे, गिलावा वाळताना रंग त्याच्यातच धरला जातो, तो सहसा निघत नाही. कोरड्यावर लावला की रंग वरच्या वर बसतो, ओल सुटली की पापुद्र्यासारखा सुटतो. डोकं आहे पाय नाहीत याचं उत्तर इथे आहे, जमिनीकडून ओल वर चढते, शिवाय माणसं भिंतीला टेकतात, सामान लावतात, खालचं आधी जातं.

तिसरं मला सगळ्यात जास्त आवडतं. ही चित्रं शेकडो वर्षं कुणाला माहीतच नव्हती. वरून चुना, रंग, पुन्हा चुना असे थर चढत गेले. दुसऱ्या महायुद्धात तिथे होमगार्डवाले होते, युद्धानंतर तिथल्या शेतकरी भाडेकरूने खोली पुन्हा रंगवायला काढली तेव्हा जुन्या थराखाली रंगाच्या खुणा दिसल्या. मग तज्ज्ञ आले, क्लाइव्ह राउस म्हणून भित्तिचित्रांतले मोठे जाणकार होते, त्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हळूहळू वरचे थर काढून सगळं उघडं केलं. म्हणजे ज्या चुन्याने चित्रं झाकली त्याच चुन्याने वाचवली पण. तो भाडेकरू घाईचा माणूस असता आणि एकाच दिवसात सगळं खरवडून मोकळा झाला असता तर आज बोलायला काही उरलं नसतं. कुणीतरी थांबलं, हे महत्त्वाचं.

त्या काळात इंग्लंडात उघडी केलेली भित्तिचित्रं पक्की व्हावीत म्हणून त्यावर मेण चढवायची पद्धत होती. पुढे कळलं की मेणाने भिंतीचा श्वास कोंडतो, ओल आत अडकते, धूळ चिकटून चित्र काळवंडतं, आणि मग पुढच्या पिढीला ते मेण काढत बसावं लागलं. आमच्याकडे हे उदाहरण वर्गात हमखास येतं, की चांगल्या मनाने केलेला उपायसुद्धा असा करा की उद्या कुणाला तो परत काढता यावा.

आणि मोबाइलचा फ्लॅश नको प्लीज, कुठेच नको.

---

दांडियाबाजारवाली

बाई गं, किती छान लिहिलंस. ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचा प्रश्न असा की एवढी धार्मिक चित्रं आहेत तर हे काय चर्च होतं का? आणि राजाचं नाही तर मग कुणाचं घर? आणि टॉवरच का?

---

मांडवीचा_पोरगा

चर्च नाही, घरच. आणि राजाचं नाही, सरदाराचंही म्हणता येणार नाही. थॉर्प नावाचं घराणं. पीटरबरोला त्या काळी बेनेडिक्टाइन साधूंचा मोठा श्रीमंत मठ होता, आसपासची अफाट जमीन त्यांची. त्या मठाचा स्टुअर्ड म्हणजे आपल्या भाषेत कारभारी, रॉबर्ट थॉर्प. जमीन, वसुली, तंटे, कोर्ट, सगळं याच्या हातात. आधीपासून घर होतं त्याला तेराव्या शतकाच्या शेवटी, १३०० च्या आसपास, हा तीन मजली मनोरा जोडला. चित्रं त्यानंतरची, १३३० च्या सुमाराची धरतात, तोपर्यंत त्याच नावाचा मुलगा कारभारी झाला होता.

टॉवर का, तर थोडं संरक्षण आणि बरीचशी ऐट. लांबून दिसलं पाहिजे की इथे कोण राहतो. तळमजला साठवणीचा, मधल्या मजल्यावर मालकाची खास खोली. खाली हॉलमध्ये सगळ्यांचा राबता, वर मोजक्याच माणसांना बोलावणं. म्हणून ही चित्रं पाहुण्यांसाठी पण होती. एका भिंतीवर खुर्चीवर बसलेल्या दोन मोठ्या व्यक्ती आहेत, त्यातला एक तिसरा एडवर्ड राजा असावा असं मानतात. म्हणजे बघा, दगडावर लिहून ठेवलं, आमची वर कुठपर्यंत ओळख आहे.

मठ पुढे १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने बंद केला आणि त्याचं चर्च १५४१ मध्ये कॅथेड्रल झालं. तेही त्याच दिवशी बघून घ्या, गावात मध्यावरच आहे. हेन्रीची पहिली राणी कॅथरीन तिथेच पुरलेली आहे, आणि स्कॉट्सची राणी मेरी पण आधी तिथेच होती, तिला पुढे तिच्या मुलाने १६१२ मध्ये लंडनला हलवलं. काकांना राजवाड्याचा शौक आहे ना, तर राणी इथे पण मिळेल म्हणावं.

---

वाडीचे_आप्पा

मठाचा कारभारी, कारभाऱ्याचं उंच घर, मधल्या मजल्यावर चित्रांची खोली, पाहुण्यांवर छाप. अहो ताई, तुम्ही दांडिया बाजारात राहता आणि हे बघायला पीटरबरोला निघालात? रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघितलाय का कधी आतून?

बडोद्यातल्या निम्म्या मराठी माणसांनी तो बाहेरूनसुद्धा बघितलेला नाही आणि पाहुणे आले की सगळे लक्ष्मी विलासला घेऊन पळतात. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोदा संस्थानचे दिवाण, गणपतराव गायकवाडांच्या काळात. त्यांचा हा वाडा, लाकडी, मजल्यावर मजला चढवलेला, मराठा पद्धतीचा, आणि आत भिंती, दारं, खिडक्यांच्या फळ्या सगळं चित्रांनी भरलेलं. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठा लढाई आहे, आणि मधेच टोपीवाल्या मडमा पण आहेत. तो वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे.

त्यांचा स्टुअर्ड, आपला दिवाण. राजापेक्षा कारभाऱ्याची भिंत जास्त बोलते, कारण राजाला काही सिद्ध करायचं नसतं, कारभाऱ्याला मात्र रोज करावं लागतं. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

---

सयाजीगंज_एक्सप्रेस

आप्पा मत भारी आहे पण तुलना जरा ओढूनताणून वाटते. कुठे १३३० आणि कुठे एकोणिसावं शतक, पाचशे वर्षांचा फरक. तिकडे सगळा उपदेश, म्हातारपण, मरण, इंद्रियं आवरा, आणि आपल्या वाड्यात रंगीबेरंगी मजा, मडमांची चित्रं, लढाया. दोन्हीकडे कारभारी राहायचा म्हणून एकच गोष्ट कशी होईल? उद्या म्हणाल माझ्या ऑफिसातला मॅनेजर पण तांबेकर.

---

वाडीचे_आप्पा

एकच गोष्ट आहे असं कुठे म्हटलं, बघायची रीत एक आहे म्हटलं. चित्र कुठल्या मजल्यावर, कुठल्या दाराशी, कुणाच्या डोळ्यांसमोर येईल असं काढलंय हे बघा. तांबेकर वाड्यात कृष्णाच्या शेजारी इंग्रज का आला? कारण दिवाणाच्या घरी त्या काळात रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, विषय निघत नाही असा दिवस गेला नसेल. आणि थॉर्पच्या खोलीत नुसता उपदेश आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?

---

चुना_आणि_काव

मधे पडते. उपदेशाबद्दल आप्पा बरोबर आहेत. त्या खोलीत खालच्या पट्ट्यात पक्षी आहेत, पीटरबरोच्या पूर्वेला मोठी दलदल होती, फेन म्हणतात, तिथले पाणपक्षी. चित्रकाराने रोज बघितलेले असणार, कारण एकेकाची मान आणि चोच ओळखू येते. आपल्याकडे डभोईजवळ वढवाणा तलावावर थंडीत जे चालतं ते एखाद्या वाड्याच्या भिंतीवर उतरवल्यासारखं.

आणि एक बोनाकॉन आहे! मध्ययुगातल्या प्राण्यांच्या पोथ्यांमध्ये येणारा काल्पनिक प्राणी, बैलासारखा, पण शिंगं आत वळलेली म्हणून लढायला निरुपयोगी. मग शिकारी मागे लागला की तो काय करतो, तर पळता पळता मागे जळतं शेण फवारतो, लांबपर्यंत, जिथे पडेल ते भाजून निघतं. हे त्या पवित्र खोलीत, साधूंच्या चित्राच्या खाली काढलंय. रॉबर्टरावांचे पाहुणे जेवून वर आले की पहिल्यांदा कशाकडे बोट दाखवत असतील सांगा.

---

सेवउसळ_फुल_तिखट

फुल तिखट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशीचा मी = बोनाकॉन

ताई काकांना हे दाखवा, मॉल कॅन्सल करतील

---

दांडियाबाजारवाली

केला कॅन्सल 😄 बोनाकॉन ऐकल्यापासून ह्यांना टॉवरचीच पडलीये, लेकीला फोन करून शनिवारची तारीख बघायला पण सांगितली.

आप्पा, तांबेकर वाड्याचं मात्र तुम्ही जिव्हारी लागेल असं बोललात. लग्न होऊन इथे आल्यापासून त्या रस्त्यावरून भाजी आणतेय मी. आम्हाला सगळे सांगायचे की बंद असतो, पडका आहे, आत कुणी सोडत नाही. खरंच उघडा असतो का? आणि लाकडी जिना म्हणजे पुन्हा गुडघे!

---

चुना_आणि_काव

दिवसा उघडा असतो ताई, तरी जायच्या आधी एकदा चौकशी करून जा, कधी दुरुस्तीचं काम चालू असतं. आत राखणदार असतात, नीट बोललं की दाखवतात. जिना अरुंद आणि उभा आहे, सकाळी जा, घाई करू नका, कठडा धरून एकेक पायरी. दरवाजे ठेंगणे आहेत, काका उंच असतील तर कपाळ सांभाळायला सांगा.

वरच्या मजल्यावर एक खोली अशी आहे की कुठे बघू आणि कुठे नको असं होतं. छोट्या छोट्या चौकटी, त्यांना रंगीत किनार, चौकटीला चौकट लागून, भिंत संपली की खिडकीची फळी, फळी संपली की दार. एका चौकटीपाशी थांबायचं ठरवा, नाहीतर सगळंच एकत्र होऊन जातं. मी नेहमी कपड्यांपासून सुरू करते. पगडी कुणाची कशी बांधलीय, नऊवारीचा काष्टा कसा घेतलाय, गोऱ्या बाईच्या झग्याला चुण्या किती. चित्रकाराला मराठी बाईचं नेसणं हाताला सवयीचं आहे, तिथे रेघ एका दमात सरळ जाते, आणि मडमेच्या झग्याशी आला की जरा अडखळतो, झगा फुगवायचा म्हणून फुगवलाय पण आत माणूस आहे असं वाटत नाही. हे एकदा दिसलं की चित्रकारच समोर उभा राहतो.

मग लाँगथॉर्पला हीच सवय कामाला येईल. तिथे रेघ खूप कमी उरलीय, पण जिथे उरलीय तिथे हाताचा वेग दिसतो. पक्ष्यांची मान बघा, एका फटकाऱ्यात काढलीय.

---

सयाजीगंज_एक्सप्रेस

हे पटलं. तुलनेचं माझं म्हणणं कायम आहे, पण आधी इथे डोळा तयार करून तिकडे जायचं ही आयडिया चांगली आहे. आणि तेवढंच करायचं असेल तर कीर्तिमंदिर पण घ्या यादीत, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत आत, सयाजीरावांनी बोलावून काढून घेतलेली, १९३९ पासून पुढे काही वर्षं काम चाललं. गंगावतरण, मीराबाई, महाभारत. बडोद्यात राहून ती न बघितलेले लोक पण ढिगाने आहेत, मी स्वतः शाळेच्या ट्रिपमध्ये डबा खाण्यात बिझी होतो. तिथे आत जायला परवानगीचं काय असतं ते मात्र आधी विचारून घ्या.

---

पाहुणी_पुण्याहून

मधे बोलते सॉरी, मी पुण्याची, सासर बडोदा. आमच्याकडे वाड्यांचं काय झालं ते बघितलंय, भिंतीवर चित्र आहे हे पाडताना कळतं आणि तोपर्यंत अर्धी भिंत ट्रॅक्टरमध्ये गेलेली असते. तांबेकर वाडा उभा तरी आहे. कुणाच्या जुन्या घरात चुन्याचे पापुद्रे निघत असतील आणि खाली रंग दिसत असेल तर रंगाऱ्याला पॉलिश पेपर मारू देऊ नका एवढंच सांगायचं होतं. आधी फोटो काढा, मग कुणाला तरी दाखवा.

---

चुना_आणि_काव

+१ आणि ओल्या फडक्याने पुसू पण नका. कोरड्या चुन्यावरचा रंग ओल्या फडक्यावर येतो, मग फडकं सुंदर आणि भिंत कोरी.

---

दांडियाबाजारवाली

बरं ऐका, आज सकाळी तांबेकर वाड्यात जाऊन आलो दोघं. चुनाकाववाली म्हणाली तसंच, उभा जिना, मी बसत बसत चढले, हे आधी वर जाऊन वरून सूचना देत होते जशा काही मला पायऱ्या दिसत नाहीत. वर गेल्यावर मात्र हेच जास्त रमले. लढाईच्या चित्रासमोर बसकण मारली आणि तोफा कुणाच्या आणि घोडे कुणाचे यावर राखणदाराशी बराच वेळ वाद घातला. मी खिडकीच्या फळ्यांपाशी होते. एका फळीवरचा रंग हाताच्या उंचीवर अगदी घासून गेलाय, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा धरून खिडकी उघडली असणार, चित्र असो नसो. वरचा भाग मात्र कालच्यासारखा.

एक गोष्ट मला वाईट वाटली. खालच्या बाजूला कुणी कुणी खिळ्याने नावं कोरली आहेत, बदाम वगैरे.

आप्पा, तुमची मडम बघितली. झगा खरंच फुग्यासारखा आहे.

आता लाँगथॉर्पसाठी अजून काही? दुर्बीण न्यावी का, छतातलं बघायला?

---

मांडवीचा_पोरगा

नावं तिकडे पण कोरलेली असतात ताई, इंग्लंडातल्या जुन्या चर्चच्या भिंती बघा, माणूस सगळीकडे सारखाच.

दुर्बीण नक्की न्या, छोटीवाली, छतातल्या वाद्यवाल्यांसाठी उपयोगी पडेल. छत्री पण, जून असला तरी. ऊन असेल तर दुपारचं जा, ढग असेल तर कधीही जा सारखंच. चक्र शेकोटीच्या वर आहे, थोडं मागे सरकून बघा, जवळून नुसते डाग दिसतात. आतले मदतनीस बहुतेक स्वयंसेवक असतात, त्यांना विचारलं की भरभरून सांगतात, काकांना वाद घालायला माणूस मिळेल. आणि येताना कॅथेड्रल, मग स्टेशनजवळ जेवण. लेकीकडे गाडी असेल तर पूर्वेला फ्लॅग फेन आहे, कांस्ययुगातला लाकडी रस्ता चिखलात टिकून राहिलेला, पण एका दिवसात सगळं कोंबू नका.

---

वाडीचे_आप्पा

ताई, तिथल्या माणसाला आपल्या पाच जनावरांचं सांगा. हरिण, हत्ती, पतंग, भुंगा, मासा. बघू काय म्हणतो, आल्यावर इथे लिहा.

---

सेवउसळ_फुल_तिखट

आणि बोनाकॉनचा फोटो. फ्लॅश न मारता.